देवाला खोटं बोलता येत नाही, मग तो सर्वसमर्थ कसा?

मोहरीचा_दाणा (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्रच होते, आज धागा काढतेय तो एका नऊ वर्षांच्या पोरामुळे. मी संडेस्कूलला छोट्यांना शिकवते. गेल्या रविवारी विश्वासांगीकार (आमच्या श्रद्धेची कबुली) पाठ करून घेत होते, "सर्वसमर्थ देवबाप" आलं आणि एकाने हात वर केला, टीचर सर्वसमर्थ म्हणजे काय? म्हटलं, ज्याला सगळं करता येतं तो. मग म्हणे देवाला खोटं बोलता येतं का? मी सवयीने सांगून टाकलं, छे, देव खोटं बोलूच शकत नाही, बायबलातल्या इब्री लोकांस पत्रात तसं स्पष्ट आहे. तर पोरगं अगदी शांतपणे म्हणालं, "मला येतं."
वर्ग हसला, मीही हसले आणि पुढच्या ओळीवर गेले. पण घरी आल्यापासून डोक्यातून जात नाहीये, कारण त्याने टिंगल नव्हती केली, त्याला खरंच विचारायचं होतं. आणि नंतर बघत बसले तर न येणाऱ्या गोष्टींची यादी वाढतच गेली. तीत १ मध्ये देव खोटं बोलत नाही, २ तीमथ्य २ मध्ये तो स्वतःलाच नाकारू शकत नाही, याकोब १ मध्ये त्याला वाइटाचा मोह पडू शकत नाही. म्हणजे शास्त्रच सांगतंय की काही गोष्टी त्याला जमत नाहीत! पाळकांना विचारलं तर म्हणाले विश्वासाने स्वीकारायचं असतं. स्वीकारते हो, पण रविवारी वर्गात उभं मला राहायचंय. नऊ वर्षांच्या मुलाला कळेल असं काही सुचवा.

तिरकस_आडवा
पोराला एक चॉकलेट द्या आणि दुसऱ्या वर्गात ढकला. माझ्या लहानपणी माझ्या बाबतीत हेच केलं होतं (चॉकलेट वगळून).

जुनी_वही
ताई, प्रश्न जुना आहे, पोरगं चांगल्या पंगतीत बसलंय. ११व्या शतकात इटलीतल्या मोंते कासिनोच्या मठात जेवताना हाच वाद निघाला होता. संत जेरोमने कुठेतरी लिहून ठेवलेलं की देव सगळं करू शकतो पण एकदा गेलेलं कौमार्य परत आणू शकत नाही. पीटर डेमियन नावाचे एक कडक संन्यासी होते, त्यांना ते पटेना, पुढे त्यांनी मठाधिपतीला देवाच्या सर्वसामर्थ्यावर भलंमोठं पत्रच लिहिलं. त्यातून मुद्दा वाढत वाढत झालेली गोष्ट देव न झालेली करू शकतो का इथवर गेला. रोम वसलं, आता ते कधी वसलंच नव्हतं असं करता येईल का? लोकांनी तेव्हापासून झोपा घालवल्यात.
पुढे १३व्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने जे उत्तर दिलं तेच आजही जास्त चालतं. तो म्हणतो, ज्यात स्वतःतच विरोध आहे ती मुळात "गोष्ट"च नाही. गोल चौकोन म्हटलं की तोंडातून दोन शब्द निघतात पण समोर काहीच येत नाही. तेव्हा देवाला ते करता येत नाही असं म्हणण्यापेक्षा ते होण्याजोगंच नाही असं म्हणावं. खोटं बोलणं अर्थात गोल चौकोनासारखं नाही, आपण रोज बोलतो. तिथे त्याचं म्हणणं असं की पाप करणं म्हणजे कमी पडणं, आणि कमी पडता येणं ही ताकद कशी? आपण खोटं कधी बोलतो, घाबरलो की, काही लपवायचं असलं की, काही उपटायचं असलं की. ज्याला कुणाची भीती नाही आणि कुणाकडून काही नको त्याने खोटं बोलावं कशाला? त्या मुलाला विचारा, तू शेवटचं खोटं का बोललास. बहुतेक मार चुकवायला.

तिरकस_आडवा
बरं मग तो दगडाचा प्रश्न. देव स्वतःला उचलता येणार नाही एवढा जड दगड बनवू शकतो का? हो म्हणा नाही म्हणा, अडकलात.

जुनी_वही
येणार हे माहीतच होतं, या विषयावर धागा निघाला की दगड येतोच. "ज्याला सगळं उचलता येतं त्याला उचलता न येणारा दगड", हाही गोल चौकोनच, फक्त वाक्य लांब करून आणलाय. तरी सगळ्यांना हे मान्य नव्हतं बरं का. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६३० मध्ये त्याच्या मर्सेन या मित्राला पत्र लिहिलंय त्यात तो म्हणतो की वर्तुळाच्या सगळ्या त्रिज्या समान असतात हे खोटं ठरवायलाही देव मोकळा होता, गणिताची सत्यंसुद्धा त्यानेच घातलेली. ऐकायला भारी वाटतं पण मग दोन आणि दोन उद्या काय होतील याचा भरवसा उरत नाही. मला अक्वायनस बरा वाटतो.
अवांतर: १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ विधानांवर बंदी घातली, त्यात देवाचे हात ॲरिस्टॉटलच्या नियमांनी बांधणारी बरीच होती. उदाहरणार्थ, देव सगळं आकाश सरळ रेषेत सरकवू शकत नाही कारण मागे पोकळी राहील. बिशप म्हणाले असं शिकवायचं नाही, देव ते करू शकतो. झाली ती बंदीच, पण त्यामुळे लोक ॲरिस्टॉटलच्या बाहेरचं जग कल्पनेत उभं करायला लागले, आधुनिक विज्ञानाची वाट त्यातून मोकळी झाली असं काही इतिहासकार म्हणतात. काही म्हणतात उगाच श्रेय देताय. असो.

शब्दवेडी
जुनी_वही काका, प्रतिसाद आवडला, पण तुम्ही सगळे "सर्वसमर्थ" या शब्दाचा लॅटिन अर्थच धरून बसलाय असं वाटतंय. लॅटिनमध्ये ओम्निपोटेन्स, म्हणजे सगळं करू शकणारा. तिथून सगळी कोडी सुरू होतात, हे करू शकतो का ते करू शकतो का. पण नव्या कराराचा ग्रीक शब्द आहे पॅन्टोक्रॅटोर. तो १० वेळा येतो, त्यातला एक २ करिंथमध्ये आणि बाकी ९ सगळे प्रकटीकरणात, म्हणजे नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात. त्यात जो "क्रात" धातू आहे त्यात पकड आहे, ताबा आहे. सगळं ज्याच्या हातात आहे तो. "काहीही करून दाखवेन" असा तो नुसता ताकदवान नाही.
आणि प्रकटीकरण कुणासाठी लिहिलंय ते बघा. ज्यांच्या हातात काहीच नाही, रोमचा सम्राट वर बसलाय, आपली माणसं मारली जातायत, अशांसाठी. त्यांना जड दगडाचं कोडं पडलेलं नव्हतं हो. त्यांना एवढंच हवं होतं की शेवटी सूत्रं कुणाकडे आहेत.
हिब्रूत "शद्दाय" आहे, अब्राहाम ९९ वर्षांचा असताना देव स्वतःची ओळख त्या नावाने करून देतो. जुन्या करारात ४८ वेळा, पैकी ३१ वेळा एकट्या ईयोबात. नेमका अर्थ काय यावर अभ्यासकांचं एकमत नाही, कुणी डोंगराशी जोडतं कुणी आईच्या स्तनांशी. मला मजा याची वाटते की सर्वसमर्थ हे नाव सगळ्यात जास्त वेळा कुठे येतं तर ज्या पुस्तकात माणूस राखेत बसून "का?" विचारतोय तिथे.

खिडकीतून
वाखुसा (वाचनखूण साठवली). शद्दायचं माहीत नव्हतं.

कोरा_कागद
मी नास्तिक आहे हे आधीच सांगतो, भांडायला आलेलो नाही. पण खोटं, दगड, गोल चौकोन यात वेळ घालवून तुम्ही खरा प्रश्न टाळताय. १ नोव्हेंबर १७५५, पोर्तुगालमधलं लिस्बन. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चेस भरलेली, आणि भूकंप. छतं आत बसलेल्यांवर कोसळली, मेणबत्त्यांनी आगी लागल्या, मग समुद्र आत आला. हजारो माणसं गेली. आता सांगा, थांबवता येत होतं की नव्हतं? येत नसेल तर सर्वसमर्थ नाही, येत असून थांबवलं नसेल तर चांगला नाही. हे काही माझं नाही, एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर आहे आणि गंमत म्हणजे आपल्यापर्यंत पोचवलं लॅक्टॅन्शियस या ख्रिस्ती लेखकाने, खोडून काढायला म्हणून लिहिलं आणि तेच टिकलं.
माणसाला स्वातंत्र्य दिलंय म्हणून वाईट घडतं हे प्लॅन्टिंगा वगैरे तत्त्वज्ञांचं उत्तर मी वाचलंय, खून-मारामारीपुरतं ते ठीक. जमिनीला कुणी स्वातंत्र्य दिलं?

जुनी_वही
कोरा_कागद, याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही. आणि जे "त्यांच्या पापामुळे झालं" असं सांगतात त्यांना येशूने लूक १३ मध्येच गप्प केलंय, शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले ते काय बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते का, असं विचारून.

रात्रपाळी
मी नर्स आहे, रात्रीच्या ड्युटीनंतर टाइप करतेय, चुका पोटात घाला. कोरा_कागद यांचा प्रश्न मला रोज दिसतो, त्यावर बोलणार नाही. मला बोलायचंय ते आमच्याच लोकांबद्दल. माझी बहीण आजारी होती तेव्हा आम्ही उपास केले, रात्रभर प्रार्थना केल्या, तेल लावलं, सगळं केलं. ती गेली. आणि मातीच्या दिवशी एकाने येऊन मला सांगितलं की देवाचं सामर्थ्य कमी नाही, तुमचा विश्वास कमी पडला. सोबत वचनही दिलं, मार्क ६, नासरेथात येशूला काही महत्कृत्य करता आलं नाही त्यांच्या अविश्वासामुळे. सहा वर्षं झाली तरी ते वाक्य मधूनच रात्री तीनला आठवतं.

मोहरीचा_दाणा (धागाकर्ती)
रात्रपाळी, काय बोलू. मिठी मारावीशी वाटतेय. माझ्या धाग्यावर तुम्हाला हे आठवावं लागलं.

रात्रपाळी
नाही ताई, उलट बरं झालं. कुठे बोलायचं हे.

शब्दवेडी
रात्रपाळी, ते वचन ज्याने तुम्हाला मारून फेकलं त्याने पूर्ण वाचलं नव्हतं. तिथे लगेच पुढे आहे की थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवून त्याने त्यांना बरं केलं. म्हणजे त्या अविश्वासातसुद्धा. दुसरं, मार्क लिहितो "करता आलं नाही", आणि मत्तय तीच गोष्ट सांगताना लिहितो "केली नाहीत". मत्तयालाही ते "आलं नाही" खुपलं असावं! पण दोघंही आजाऱ्याला दोष देत नाहीत, जे गाववाले "हा तर सुतार" म्हणून नाक मुरडत होते त्यांच्याबद्दल आहे ते.
आणि विश्वासाचं मोजमापच लावायचं तर लाजराचा किती होता? चार दिवस मेलेला होता, तरी येशूने उठवला. छप्पर उसकटून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाची पापक्षमा येशूने केली ती "त्यांचा विश्वास पाहून", त्यांचा म्हणजे घेऊन येणाऱ्या चौघांचाही. मार्क ९ मधला बाप तर तोंडावर सांगतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एकाच दमात दोन्ही. त्याचं पोर बरं झालं. आणि पौल? त्याच्या शरीरातल्या काट्यासाठी त्याने तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे एवढंच मिळालं. पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची छाती आहे?
तो रक्तस्रावाचा प्रसंगही बघा, १२ वर्षं आजारी असलेली बाई गर्दीतून मागून येऊन वस्त्राला शिवते आणि येशूला कळतं की आपल्यातून शक्ती निघाली. मूळ शब्द दुनामिस. मग विचारतो, कोण शिवलं? म्हणजे शक्ती आधी गेली, चौकशी नंतर. विश्वास तपासून शिक्का मारून मग सोडली असं काही नाही तिथे.

तिरकस_आडवा
मी इथे टवाळी करायला येतो हे सगळ्यांना माहितीये पण रात्रपाळी यांच्या प्रतिसादानंतर आवरतं घेतो. मातीच्या दिवशी असं बोलणाऱ्याला मात्र दगड उचलायला लावला असता.

संपादक
विषय सोडून धर्मांतराच्या वादावर गेलेले दोन प्रतिसाद उडवलेत. त्यासाठी वेगळा धागा काढा.

उंबरठा
उशिरा आलोय. सगळं वाचलं. मला एक गोष्ट राहिल्यासारखी वाटतेय. देव सर्वसमर्थ आहे हे शास्त्रात सगळ्यात उघडपणे कोण म्हणतं आणि कधी? मार्क १४, गेथशेमाने बाग, रात्र, शिष्य झोपलेत. येशू जमिनीवर पडून म्हणतो, अब्बा, बापा, तुला सर्व काही शक्य आहे. अगदी स्पष्ट, तुला सर्व शक्य आहे. आणि लगेच मागणी, हा प्याला (म्हणजे समोर आलेलं दुःख आणि मरण) माझ्यापासून दूर कर.
प्याला दूर झाला नाही.
म्हणजे ज्याचा विश्वास कमी पडला असं म्हणताच येणार नाही अशा एकाने, ज्याला सगळं शक्य आहे अशा बापाकडे, सरळ शब्दांत मागितलं आणि नाही मिळालं. रात्रपाळी, तुम्ही त्या रांगेत आहात. मला वाटतं आपण सामर्थ्यावर बोलायचं तर इथून सुरुवात करायला पाहिजे, दगडापासून नाही. त्याच रात्री मत्तयात तो तलवार उपसणाऱ्या शिष्याला म्हणतो, मी मागितलं तर बाप आत्ता देवदूतांच्या बारा पलटणींहून जास्त पाठवेल. रोमन पलटण कागदावर पाच-सहा हजारांची असायची, हिशेब करा. हाताशी होतं ते. वापरलं नाही. म्हणून पौल करिंथकरांना लिहितो की वधस्तंभावरचा ख्रिस्त हेच देवाचं सामर्थ्य, यहूद्यांना अडखळण आणि हेल्लेण्यांना (ग्रीकांना) मूर्खपणा. तेव्हाही लोकांना ते हास्यास्पदच वाटत होतं.
दानीएलातले ते तिघे, शद्रख, मेशख, अबेद्नगो, भट्टीसमोर उभं राहून नबुखद्नेस्सरला म्हणतात, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे. आणि त्याच्यापुढे, "पण त्याने नाही सोडवलं तरी". प्रचारात पहिलं अर्धं वाक्य असतं, दुसरं कुणी छापत नाही.

कोरा_कागद
उंबरठा, लिहिलंय चांगलं, पण मला ही हातचलाखी वाटते. आधी सर्वसमर्थ म्हणायचं, मग तो काही करत नाही हे दिसलं की "न करणं हेच सामर्थ्य" म्हणायचं. मग तो शब्दच काढून टाका ना. काही धर्मपंडितांनी काढलाही आहे, चार्ल्स हार्टशोर्न सरळ म्हणायचा की सर्वसामर्थ्याची ही कल्पनाच चूक, देव जबरदस्ती करत नाही, फक्त ओढ लावतो. ते तरी प्रामाणिक.

उंबरठा
राग नाही. प्रश्न रास्तच आहे. बोनहोफर या जर्मन पाळकाने नाझींच्या तुरुंगातून १६ जुलै १९४४ च्या पत्रात लिहिलंय की दुःख भोगणारा देवच फक्त मदत करू शकतो. पुढच्या एप्रिलात त्याला फाशी दिलं. खुर्चीत बसून लिहिलेलं वाक्य नाही ते. पण मी तिथेच थांबू शकत नाही हेही खरं, कारण नुसता दुःख भोगणारा देव मला सोबत करेल, मेलेल्यांना उठवणार नाही. इफिसकरांस पत्रात पौल सामर्थ्याचं माप सांगतो तेव्हा ते पुनरुत्थानाचं सांगतो, ख्रिस्ताला मेलेल्यांतून उठवलं ते बळ. तेव्हा शब्द मी काढत नाही. प्याला दूर झाला नाही आणि थडगं रिकामं झालं, मला दोन्ही धरायचंय, मधले तीन दिवस कसे काढायचे ते मला नीट येत नाही. लिस्बनमधली माणसं त्या मधल्या दिवसातच आहेत असं मी म्हणेन, तुम्ही म्हणाल ती फक्त मेली. इथे आपलं जुळणार नाही.

कोरा_कागद
नाही जुळणार. पण "नीट येत नाही" म्हणालात, ते आवडलं.

रात्रपाळी
उंबरठा, "त्या रांगेत" हे वाचून थांबले जरा वेळ. बाकी नंतर लिहीन.

जुनी_वही
सिनायच्या सेंट कॅथरीन मठात सहाव्या शतकातलं ख्रिस्ताचं चित्र आहे, पॅन्टोक्रॅटोर म्हणूनच ओळखतात. चेहऱ्याच्या दोन बाजू वेगळ्या आहेत, एक शांत, एक कठोर. अर्धं झाकून बघा, मग दुसरं अर्धं. दोन माणसं वाटतात. ताई, मुलांना फोटो दाखवता येईल, गप्प बसतील पाच मिनिटं.

मोहरीचा_दाणा (धागाकर्ती)
रविवार झाला, सांगते काय झालं. सगळ्यांचे आभार, रात्री दोनपर्यंत जागून वाचत होते.
आधी त्याला विचारलं शेवटचं खोटं का बोललास. मार चुकवायला नव्हतं, गृहपाठ राहिला होता ते लपवायला होतं, म्हणजे काकांचं जवळजवळ बरोबर. म्हटलं देवाला कुणापासून लपवायचंय? विचार करून म्हणाला, कुणापासूनच नाही. बरं म्हणाला. फार काही जिंकल्यासारखं वाटलं नाही मला, त्याला आधीच माहीत असल्यासारखं "बरं" होतं ते. चित्र मात्र हिट झालं, तळहाताने अर्धं झाकून सगळे बघत होते, एकीला कठोर बाजूच जास्त आवडली.
मग बागेची गोष्ट सांगितली. नेहमी सांगते तशी नाही, यावेळी "तुला सर्व काही शक्य आहे" वर थांबले, आणि प्याला दूर झाला नाही इथेही थांबले. वर्गात एकदम शांत. मग त्यानेच विचारलं, "मग बाप काय म्हणाला?"
मी पुस्तक उघडून बघायला लागले. मार्कात काही नाही. मत्तयात नाही. इतकी वर्षं शिकवतेय आणि माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं की तिथे बापाचं उत्तरच लिहिलेलं नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी आवाज येतो, येशूचं रूप पालटलं त्या डोंगरावर येतो, इथे नाही. म्हटलं पुढच्या वेळी सांगते.

शब्दवेडी
लूक २२ बघा ना ताई, ४३वी ओवी. स्वर्गातून एक देवदूत येऊन त्याला शक्ती देतो. बोलत मात्र तोही नाही.

जुनी_वही
हो, पण त्या दोन ओव्यांची स्वतःचीच एक कथा आहे. व्हॅटिकनससारख्या जुन्या हस्तलिखितात त्या नाहीतच. सायनायटिकसमध्ये आहेत, पण कुणीतरी नंतर त्यांच्यावर काढून टाका अशा खुणा केल्या आणि आणखी कुणीतरी त्या खुणा पुसल्या. येशूला शक्ती द्यायला देवदूत लागावा हे कुणाला तरी बघवलं नसावं, किंवा उलट कुणालातरी तो तिथे हवाच होता. आणि ती शक्ती कशाला, तर लगेच पुढे आहे, तो आणखीच कळकळीने प्रार्थना करू लागला आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. प्याला तिथेच.

तिरकस_आडवा
हे पोर मोठं झालं की इथे सभासद करून घ्या.

मोहरीचा_दाणा (धागाकर्ती)
काका, खुणा केल्या आणि पुसल्या हे पण सांगू का त्यांना? त्याला ते फार आवडेल. खोडरबरने का टीचर, असं नक्की विचारणार.